रिकामी गाडी आदळते

मोटारीच्या पुढच्या चाकांमागे काय काय असतं ते मला आजही बिनचूक सांगता येतं. रबराचे बुश असतात, चाक जिच्यावर वळतं ती किंग पिन असते, धक्का गिळणारा शॉकअप असतो. शिवाय गाडीच्या पोटाखालून पुढून मागे गेलेली एक लांब लोखंडी दांडी असते, आणि तिच्या पिळावर गाडीचं सगळं पुढचं अंग तोललेलं असतं. मी प्राथमिक शाळेवरची बाई. मला पाढे आणि बाराखडी यापलीकडे काही यायची गरज नव्हती आणि हौसही नव्हती. पण त्या वर्षी हे सगळं आमच्या अंगणात गोणपाटावर मांडून पडलं होतं, आणि मायच्या खाटेशी बसलं की दारातून दुसरं काही दिसतच नव्हतं. म्हणून शिकले.

आम्ही कुरखेड्याचे. गडचिरोली तेव्हा नुकतीच चंद्रपुरातून वेगळी निघाली होती. जिल्हा नवा मिळाला, खड्डे मात्र जुनेच वाट्याला आले. बाबांची उमर बांबूच्या ट्रकवर गेली. ठेकेदाराने धंदा आवरला तेव्हा त्याची जुनी अ‍ॅम्बेसेडर बाबांनी घेतली आणि कुरखेडा ते वडसा माणसं न्यायला लागले. माणसं म्हणजे किती? जितकी मावतील तितकी, आणि मग आणखी दोन. मांडीवर मांडी, दारात लटकलेला एक, टपावर तांदळाची पोती, डिकीत कोंबड्या. आमच्याकडे गाडीवाल्याचा एकच धर्म असतो: रस्त्यात हात केलेल्या माणसाला सोडून जायचं नाही. दिवसातून दोन एस.टी. जात असतील तिथे सोडून जाणार तरी कुठे? बाबांनी आयुष्यात कोणाला सोडलं नाही. अपवाद एकच, आमच्या मागच्या आळीतली मासेवाली बाई.

ती ढिवराची. अंगाने चांगली भरलेली, आवाज असा की तलावाच्या या काठावरून त्या काठावर भांडता यावं. तिचा नवरा जाळं टाकायचा, ती टोपली डोक्यावर घेऊन वडशाच्या बाजारात बसायची. बाबा तिला घ्यायला तयार, तिची टोपली घ्यायला नाही. टोपलीतलं पाणी सीटवर गळतं आणि मग आठ दिवस गिऱ्हाईक नाकाला पदर लावून बसतं, हे त्यांचं म्हणणं. तिचं म्हणणं, "टोपली नाई तं मी काऊन जाऊ वडशाले, सिनेमा पाहाले?" या भांडणाला बरीच वर्षं झाली होती. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

बाबा गाडी चालवताना बोलत नसत. ट्रकवरची सवय. स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाचं तोंड उघडलं की त्याचा डोळा मिटतो, असं त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं. मागे दहा माणसं भांडोत, गावोत, उलट्या करोत, बाबा गप्प. माय मात्र शेजारी बसली की घरापासून वडशापर्यंत तोंडाला विश्रांती नाही. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीला बघायला आले, सगळं ती मागे वळून वळून बोलायची. गाडीतल्या लोकांना वाटायचं, भाडं गाडीचं आणि गप्पा फुकट.

मग तिचं दुखणं निघालं. आधी पोटात गाठ होती. नागपूरला नेऊन ती काढली, आणि आम्ही सुटलो असं वाटेपर्यंत ते पाठीच्या हाडात उतरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. ते सलाईनमधून चढवायचं, दर तीन आठवड्यांनी, चुकवायचं नाही. ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात ते देतो म्हणाले. एवढी एकच गोष्ट आमच्या हातात होती. बरं होण्याचं कोणी बोललं नव्हतं, पण औषध वेळेवर गेलं तर पाठीची आग कमी राहील, माणूस काही महिने माणसासारखं जगेल, असं सांगितलं होतं. मी शाळेतून रजा काढून घरी आले.

नकाशात कुरखेडा ते ब्रह्मपुरी हे अंतर बोटभरही भरत नाही. पाठीच्या हाडात दुखणं असलेल्या बाईला मागच्या सीटवर झोपवून न्या, मग ते कळतं. आमच्या गाडीची पुढची चाकं तेव्हा अशी झाली होती की प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड बसायचं. बुश गळून गेलेले, पिना झिजलेल्या, शॉकअपमधून तेल कधीच वाहून गेलेलं. खट् असा आवाज आला की तो आधी मायच्या तोंडावर दिसायचा आणि मग मला ऐकू यायचा. पहिल्या खेपेला तिने ओठ चावून रक्त काढलं. घरी आल्यावर खाटेवर टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मी या गाडीत आता बसत नाई."

मी म्हटलं, औषध चुकवायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत.

"मरन घरी येते ना? येऊ दे. त्याले भेटाले मी एवढी आदळत काऊन जाऊ?"

एस.टी.त तिला बसवणं शक्य नव्हतं. छोट्या लाईनच्या आगगाडीला लाकडी बाकडी होती आणि तिथपर्यंत पोचायला वडशापर्यंतचा तोच रस्ता होता. ओळखीने कोणाची जीप मिळाली असती, पण जीपमध्ये धडधाकट माणसाचीही आतडी गोळा होतात. म्हणजे नेणार तर हीच गाडी नेणार, आणि माय त्यात बसणार नव्हती.

बाबा दारात उभे राहून हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर गाडीचं तोंड येनाच्या ओंडक्यांवर चढवलेलं, पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली आणि बाबांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. ओंडके येनाचे होते हे मुद्दाम सांगते. सागाचे असते तर फॉरेस्टवाल्यांनी गाडीसकट बाबांना उचललं असतं.

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, फार राग आला. माय आत तळमळत होती आणि हा माणूस तिच्याजवळ घटकाभर बसायचं सोडून गाडीखाली झोपला होता. औषधाच्या गोळ्या मी द्यायच्या, पाठ मी चोळायची, रडणाऱ्या मावश्यांना चहा मी करायचा. बाबा जेवायला येत तेव्हा कोपरापर्यंत काळे असत, हात धुवून ताटावर बसत, खाली मान घालून जेवत आणि परत गाडीखाली. अंगणातून दिवसभर हातोड्याचे घाव ऐकू येत. गंजलेल्या पिना निघत नव्हत्या. त्यांना तेल पाजायचं, तापवायचं, ठोकायचं, परत तेल पाजायचं. प्रत्येक घाव माझ्या डोक्यात बसायचा. एकदा मी उठले, बंद करायला सांगून येते म्हणाले. मायने हात धरला.

"ठोकू दे. तेवढंच येते त्याले."

गाव अर्थातच सल्ले द्यायला हजर होतं. ज्याला सायकलची चेन चढवता येत नव्हती तोही अंगणात उकिडवा बसून बाबांना बुश कसे बसवावे ते सांगायचा. नागपूरला नेऊन टाका भाऊ. विकून टाका भाऊ. नवीन पिढीच्या गाड्या पाहा भाऊ. बाबा गाडीखालून पाना मागायचे तेव्हा मात्र यांतल्या एकालाही पाना कुठला आणि पक्कड कुठली ते कळायचं नाही. पाना मी द्यायला लागले. तिथूनच माझं शिक्षण सुरू झालं.

सुटे भाग कुरखेड्यात कुठले? बाबांनी झिजलेली पिन आणि फाटका बुश धडप्यात बांधून नमुना म्हणून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती चंद्रपूरला पाठवला. तिथून सामान यायला दिवस लागले. आलं ते एका बाजूचं आलं, दुसऱ्या बाजूचं पुन्हा मागवावं लागलं. गाडी तोंड वर करून उभी. मोहाची फुलं पडायला लागली होती, ती बॉनेटवर पडून सुकत. बाबा रोज संध्याकाळी एस.टी.ची वाट पाहत नाक्यावर जाऊन बसत आणि रिकाम्या हाताने परत येत. माय विचारायची, आलं काय? मी म्हणायचे, उद्या येईल. औषधाचा दिवस जवळ येत होता आणि आम्ही तिघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

शेवटी सामान आलं. औषधाला दोन-तीन दिवस राहिले असताना वडशाचा मिस्त्री आला. पिना आणि बुश बाबांनी बसवले होते, पण ती पोटाखालची दांडी चढवायला दुसरा जाणता माणूस लागत होता. ती खाचेत बसवताना जितका पीळ द्याल तितकं गाडीचं तोंड उंच राहतं. मिस्त्री बाबांचा जुना दोस्त, ट्रकच्या दिवसांतला. त्याने दांडी हातात घेतली आणि विचारलं, "लोडचीच गाडी आहे ना भाऊ? मंग वरतीच ठेवू."

"वरतीच ठेव," बाबा म्हणाले.

झालं एवढंच. आमच्या भागात सगळे तसंच करत. गाडीत दहा माणसं आणि टपावर पोती घालायची तर तोंड उंचच हवं, नाहीतर नदी ओलांडायच्या बुटक्या रपट्यावरच्या दगडांना पोट घासतं. दोघांनी जन्मभर लादलेलीच गाडी पाहिली होती. या खेपेला गाडीत कोण बसणार आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं. गाडी तिच्यासाठीच तर उघडली होती. पण हाताला जी सवय असते तिला घरातलं दुखणं दिसत नाही.

चाकं लागली. गाडी ओंडक्यांवरून उतरली. बाबांनी नाक्यापर्यंत एक फेरी मारून आणली आणि खरंच, आवाज म्हणून नव्हता. खट् नाही, खडखड नाही. बाबा आत आले, मायच्या खाटेशी उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याशी त्या विषयावर बोलले. "आता बसून पाहा," म्हणाले. आवाजात विनवणी होती. माय त्यांच्या काळ्या नखांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चला."

निघताना बाबांनी ठरवलं होतं की आज वाटेत कोणाला घ्यायचं नाही. रोग्याची गाडी, तिला शांत न्यायची. मागच्या सीटवर गादी, माझ्या मांडीवर मायचं डोकं, पुढे एकटे बाबा. गाव सुटेपर्यंत मी खूश होते. मग रस्ता सुरू झाला आणि मला कळेना की हे काय होतंय. लोखंड वाजत नव्हतं, पण गाडी उडत होती. पहिल्यापेक्षा जास्त. लहान खड्डा आला तरी तोंड वर उसळायचं आणि ताठ खाली आपटायचं. मायने माझं मनगट धरलं आणि तिची नखं आत गेली. बाबांनी वेग कमी केला. पायी चालणारा माणूस पुढे निघून जाईल इतका कमी केला. तरी तेच. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. त्या डोळ्यांकडे पुन्हा पाहायची मला हिंमत झाली नाही.

रस्त्यात लोकांनी हात केले. हाका मारल्या, "ओ भाऊ!" बाबांनी गाडी थांबवली नाही. एक हाक मागे पडली तेव्हा मायने मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "कोन होतं?" कोणी नाही म्हटलं मी. सगळ्या वाटेत ती एवढंच बोलली.

परत येताना वडशाच्या बाहेर एक एस.टी. चाक काढून उभी होती आणि प्रवासी झाडाखाली पांगले होते. मायने डोळे उघडले. पाहून नव्हे, आवाज ऐकून. मासेवाली बाई कंडक्टरशी भांडत होती.

"थांबवा," माय म्हणाली.

बाबा थांबवेनात. माय कशीबशी कोपरावर उठली. "थांबवा म्हनलं ना! गावातली बाई रस्त्यावर उभी आहे आन आपन खाली गाडी नेऊन राह्यलो. कोनत्या तोंडानं?" आमच्याकडे रिकाम्याला खालीच म्हणतात.

गाडी थांबली. मासेवाली बाई आली, आणि तिच्या मागे मोठे बाबाही आले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सदा कुरकुरणारे आणि जाडजूड. गिरणीवरून तांदूळ सडून आणून ते त्याच एस.टी.ने घरी निघाले होते. अर्धं पोतं पुढे पायाशी, दोघं पुढच्या सीटवर. टोपली बाईने हातात धरली होती आणि बाबांकडे पाहत होती. बाबा खाली उतरले, डिकी उघडली, टोपली स्वतःच्या हाताने आत ठेवली. एवढ्या वर्षांचं भांडण असं संपलं.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण गाडी नुसती खाली बसून वर आली, म्हातारी म्हैस चिखलात बसते तशी. दुसरा खड्डा आला, तसंच. माझ्या मनगटावरची बोटं सैल झाली.

"आता बरं वाटून राह्यलं," माय म्हणाली. "काय केलं?"

बाबांनी गाडी कडेला घेतली. बाईला आणि मोठ्या बाबांना उतरवलं, पोतं काढलं, बॉनेटवर दोन्ही हात टेकून दाबून पाहिलं. मग त्यांना परत बसवलं आणि पुन्हा दाबून पाहिलं. मोठे बाबा म्हणाले, "काय खेळ लावला गा तू?" बाबा तसेच बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग मागच्या खिडकीशी आले आणि मायला म्हणाले, "उंच बसली वो. खाली गाडी आदळते." बोलताना त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम जड झाला. जिच्यासाठी एवढं केलं तिचंच वजन हिशेबात धरायचं राहून गेलं होतं.

घरी आल्यावर ते लगेच दांडी उतरवायला निघाले. मिस्त्रीला बोलावतो, तोंड खाली घेतो, पुढच्या खेपेपर्यंत होऊन जाईल, म्हणाले. मायने नको म्हटलं. बाबांना वाटलं, पुन्हा तो ठोकायचा आवाज नको असेल. तसं नव्हतं.

"उतरवली का मंग तुमी मले एकटीले नेसान. आजारी बाईले नेतेत तशी. आज जाताना कोनी बोललं नाई, कोनी हासलं नाई, मले वाटलं का मेलीच मी. नको. मानसं भरा."

आणि माणसं भरली. दर खेपेला मोठे बाबा आणि मासेवाली बाई पुढे, पायाशी पोतं. मोठे बाबा कुरकुरत यायचे, पण यायचे. मासेवाली बाई त्या दिवशी बाजार सोडायची. टोपली आणायचीच नाही, कारण औषधाने मायला वास सहन व्हायचा नाही. साबणाने अंघोळ करून, डोक्याला तेल थापून ती पहाटे आमच्या दारात उभी राहायची. "भाऊ, तुमचं पोतं आलं," असं बाबांना सांगायची. माय खाटेवरून हसायची. "देवानं तुले एवढं वजन कायच्यासाठी देल्लं ते मले आता समजलं वो बाई." आम्ही बुद्धाचे, घरात देव नव्हता, पण अशा बोलण्यात तो यायचाच.

वडशाच्या अलीकडे नदीवर दगडी रपटा होता. सगळ्या रस्त्यात वाईट जागा ती. तिथे गाडी उतरली की मासेवाली बाई मागे वळायची आणि विचारायची, "लागलं काय वो?"

"नाई," माय म्हणायची.

दर खेपेला, जाताना आणि येताना. लागलं काय वो. नाई. तिला लागत होतं. वजनाने गाडी मऊ झाली होती, दुखणं झालं नव्हतं, आणि ते वाढत चाललं होतं. माझ्या मनगटावर तिची बोटं कशी आवळतात ते मला ठाऊक होतं. पण समोरची बाई आपला बाजार बुडवून आली आहे, तिला लागलं म्हणून कसं सांगायचं? माझी माय अशी होती. आणि बाबा स्टेअरिंगवर, नेहमीसारखे गप्प, पण तो "नाई" ऐकेपर्यंत त्यांचे खांदे वर चढलेले असत आणि ऐकला की खाली येत. मी मागून पाहत असे.

उन्हाळा चढत गेला तशी माय वाळत गेली. मांडीवर तिचं डोकं असून नसल्यासारखं वाटायला लागलं. बाबांनी अर्ध्या पोत्याचं पूर्ण पोतं केलं. तिच्या वजनाने गाडीला काही फरक पडत नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी केलं. मी विचारलं नाही. आमच्यात आता भांडायचं काही उरलं नव्हतं.

तेंदूपानाच्या दिवसांत आम्ही शेवटचे गेलो. माय वाटेत बोलली नाही, फक्त रपट्यावर "नाई" म्हणाली, तेही इतकं हळू की मासेवाल्या बाईने दुसऱ्यांदा विचारलं. दवाखान्यात तिला सलाईन लागण्याआधीच श्वास लागला. डॉक्टर आले, सिस्टर धावल्या, जे करायचं ते त्यांनी केलं. दुपारी ती गेली. बाबा तिच्या पायाशी उभे होते. त्यांचे हात स्वच्छ होते आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

मोठे बाबा पोतं घेऊन गिरणीवर गेले होते. तिथे त्यांना निरोप मिळाला, तसे पोतं तिथेच टाकून मिळेल त्या गाडीने पुढे गावाकडे निघाले. नातलगांना कळवायचं होतं, तयारी करायची होती. आम्ही मायला चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आणलं. मी आत बसले, डोकं मांडीवर घेतलं. बाबा पुढे जाऊन बसले. किल्ली लावली आणि फिरवलीच नाही.

तेवढ्यात मासेवाली बाई आली. जाळ्याचं सूत आणायला ती बाजारात गेली होती. सूत काखेत धरून ती धावत आली, काचेतून आत पाहिलं आणि तिथेच पदर तोंडात कोंबून रडली. मला वाटलं, आता ही एस.टी.ने जाईल. जायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी गावच्या तलावात वर्षाची मोठी ओढ होती, सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचा दिवस. मयताच्या गाडीत बसून आलेल्या बाईला त्यांच्यात जाळ्याला हात लावू देत नाहीत, तिच्या हातची मासोळी कोणी घेत नाही. एवढा दिवस सोडायचा म्हणजे पावसाळाभराच्या पोटाला चिमटा. हे बाबांनाही ठाऊक होतं.

"बाई, तुमी एस.टी.नं जा," ते म्हणाले. "सुटन आता."

तिने सूत खिडकीतून माझ्या पायाशी टाकलं, दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसली.

"खाली गाडीत तिले आदळत नेता काय?" ती म्हणाली. "चाला."

उन्हं कलली होती. वडसा मागे पडलं. लोक रस्त्यात हात करत आणि जवळ आल्यावर आतलं पाहून हात खाली घेत. बाबा गाडी इतकी सांभाळून चालवत होते की एकही खड्डा लागू नये, आणि तरी लागत होते. माझ्या मनगटावर काहीच आवळत नव्हतं. मी माझा हात तिच्या हातात घालून ठेवला होता, उगीच.

रपटा आला. पुढचं चाक दगडांवर उतरलं, गाडी कलली, बसली. मासेवाली बाई मागे वळली. वळून गेल्यावर तिला कळलं, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

"लागलं काय वो?"

पाण्यावर नुसता चाकांचा आवाज होता. ती तशीच मागे पाहत राहिली, तोंड फिरवायचं तिला सुचेना. दुसऱ्या काठावर गाडी चढेपर्यंत तो प्रश्न गाडीत तसाच राहिला.

"नाई," बाबा म्हणाले.